एका सुभेदाराचे पेन्शन

१८९४ च्या सुमारास मध्य हिंदुस्थानातील महूच्या छावणीतून एक कुटुंब कोकणात दापोलीस येऊन उतरले. कुटुंबप्रमुखाचे नाव रामजी मालोजी सकपाळ. लष्करातील प्रदीर्घ सेवा संपवून सुभेदाराच्या हुद्द्यावरून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सरकारी पेन्शन, उत्तम मराठी, कामापुरते चांगले इंग्रजी, पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केल्याचा अनुभव आणि पत्नी, बहीण व मुले असा मोठा परिवार, एवढी त्यांची मिळकत. त्यांना एकंदर चौदा अपत्ये झाली. त्यांतली पुढे जगली ती पाच. बळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटा भीम. भीमाचा जन्म महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी झाला होता, आणि दापोलीची ती पहिली वाट त्याने मोठ्यांच्या कडेवरूनच चालली असली पाहिजे.

या धाकट्या मुलाचे नाव पुढे सर्व जगाला ठाऊक झाले, आणि मग त्या नावाच्या प्रकाशात पित्याची आकृती साहजिकच पुसट होत गेली. चरित्रांच्या पहिल्या प्रकरणात रामजी सुभेदार येतात, मुलाला पहाटे उठवतात, पुस्तकांसाठी कर्ज काढतात आणि दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी निरोप घेतात. परंतु लष्करातून परतलेला शिपाईगडी, कुटुंबवत्सल बाप आणि आपल्या समाजाच्या कामासाठी झिजणारा कार्यकर्ता या नात्याने त्यांचे आयुष्य स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे. त्या आयुष्यात एका संबंध पिढीचा प्रश्न गुंतलेला आहे.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडाजवळचे आंबडवे. जात महार. गावकीतली वंशपरंपरागत कामे सोडून हे घराणे कंपनी सरकारच्या आरंभकाळापासून लष्करात शिरले होते. रामजींचे वडील मालोजी हेही शिपाईपेशाचेच. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची भरती त्या काळी मोठ्या प्रमाणावर होत असे. कोरेगावच्या भीमाकाठी १ जानेवारी १८१८ रोजी जी लढाई झाली तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतली कितीतरी नावे ‘नाक’ या पदाने संपतात, आणि ती महार शिपायांची नावे आहेत. बंगालच्या फौजेत जातीचा जो बडिवार चाले तो मुंबईच्या फौजेत चालत नसे. तंबूत शेजारी कोण झोपतो, कवायतीत पुढे कोण उभा राहतो, हे तेथे जातीवर ठरत नसे. ज्याच्या सावलीचा गावात विटाळ होई तो माणूस पलटणीत नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्या चढत जाई, आणि इतर जातींच्या शिपायांना त्याला सलाम करावा लागे.

लष्कराने या लोकांना बंदूक दिली आणि पगार दिला, हे सर्वांना दिसते. त्याहून मोठी अशी एक गोष्ट दिली, ती मात्र सहजी ध्यानात येत नाही. फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षणाची सक्ती होती. पलटणीच्या शाळेत दिवसा मुले शिकत आणि थोर माणसांनाही अक्षरे गिरवावी लागत. देशात इतरत्र अस्पृश्याचे मूल शाळेच्या ओट्यावर चढणेही दुरापास्त होते, त्या काळात छावणीच्या कुंपणाआड महारांच्या घरात वाचता-लिहिता येणारी माणसे तयार होत होती, आणि त्यांत बायकाही होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला आहे.

रामजी हे या व्यवस्थेचे उत्तम फळ होय. त्यांची हुशारी पाहून वरिष्ठांनी त्यांना पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकावयास धाडले. तेथून ते शिक्षक होऊन बाहेर पडले आणि पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांची पत्नी भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातली. तिचे वडील आणि चुलते लष्करात सुभेदार-मेजर होते. म्हणजे माहेर सासरपेक्षा मानाने आणि पैशाने वरचढ. तरी ती मानी बाई संसाराच्या ओढगस्तीत नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहिली. रामजींचा कामाचा वक्तशीरपणा, कडक शिस्त, स्वच्छ राहणी आणि कागदपत्र नीट ठेवण्याची सवय ही पलटणीतली कमाई. ती त्यांनी पेन्शनीत निघताना तेथेच ठेवून दिली नाही.

दापोली हे त्या काळी पेन्शनर लोकांचे गाव. थंड हवेच्या या टेकडीवर पूर्वी इंग्रजांचा कँप होता, आणि त्या आधाराने कोकणातले अनेक निवृत्त शिपाई व अंमलदार येथे घरे करून राहिले होते. परंतु छावणी संपली की सुभेदारी संपते, हा अनुभव या लोकांना पहिल्याच आठवड्यात येत असे. कालपर्यंत ज्याच्या हुकुमावर कंपनी चालत होती त्याला आज गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती. न्हावी त्याच्या डोक्याला हात लावीत नव्हता. छातीवरची पदके गावाच्या वेशीवर निरुपयोगी ठरत. ज्यांनी वेशीबाहेरचे जग कधी पाहिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा ही वंचना या पेन्शनरांना अधिक जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. दुसरी रीत असू शकते, हे त्यांनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे प्रत्यक्ष जगून पाहिले होते.

म्हणूनच अस्पृश्यांच्या चळवळीचे पहिले कार्यकर्ते या पेन्शनरांतून निघाले, यात आश्चर्य नाही. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले अग्रणी. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ परिणाम झालेला होता. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेसंबंधी सवाल उभे केले, आणि अनार्य दोष परिहारक मंडळी या नावाची संस्था चालवली. रामजींच्या मनातही फुल्यांविषयी मोठा आदर होता. दापोलीच्या या वातावरणात ते उतरले तेव्हा एक नवेच संकट पेन्शनरांच्या दारात येऊन ठेपले होते.

हे संकट असे. १८५७ नंतर हिंदुस्थानी फौजेची रचना बदलत गेली, आणि १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या अमदानीत ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त प्रबळ झाला. काही जाती जन्मतःच शूर आणि काही जन्मतःच नेभळट, असे ठरवून पलटणी जातवार बांधण्याचे धोरण आले. या नव्या मोजमापात महारांना जागा उरली नाही. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे सरकारनेच दगडावर कोरली होती, त्यांना आता सरकारच लढण्यास अपात्र ठरवीत होते. अर्थात यात शौर्याचा प्रश्न फारसा नव्हता. एका अस्पृश्य सुभेदाराच्या हाताखाली काम करण्यास वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींचे रंगरूट नाखूश असत, आणि ही अडचण मिटवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्या सुभेदाराची वाटच बंद करणे. सरकारने तो पत्करला.

या निर्णयाने काय गेले याचा हिशेब मांडणे अवघड नाही. शिपायाचा पगार गेला, पुढचे पेन्शन गेले, आणि पलटणीच्या शाळेतले मुलांचे शिक्षणही गेले. गावकीच्या बाहेर पडण्याची एकच रुंद वाट होती, ती बुजली. या जातीत यापुढे नवे पेन्शनर होणार नव्हते. जे होते ते मरेपर्यंत पुरतील तेवढेच.

लष्कराने शिकवलेली एक विद्या अशा वेळी उपयोगी आली. ती म्हणजे अर्ज करण्याची विद्या. वलंगकरांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी यासाठी अर्ज तयार केला. रामजी सुभेदारांनीही या प्रश्नासाठी खटपट केली, आणि अर्जाचा मसुदा करण्याच्या कामी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मिळवले, अशी नोंद त्यांच्या मुलाच्या चरित्रकारांनी केली आहे. एक निवृत्त महार सुभेदार हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडे कागद घेऊन जातो, हे चित्र त्या काळाच्या मानाने सामान्य नव्हे. अर्जांची भाषा नम्र होती, मागणी मात्र स्पष्ट होती. आमच्या वडिलांनी राज्यासाठी रक्त सांडले आहे, आमच्या नोकरीत खोट काढलेली नाही, तेव्हा केवळ जातीवरून आम्हांला काढू नये. सरकारचे मन वळले नाही. त्या वेळी नाही आणि रामजींच्या हयातीत पुढे कधीही नाही.

बाप म्हणून रामजींनी जे केले त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. मुलाला शिकवण्याचा त्यांचा तो विलक्षण ध्यास हौसेचा किंवा केवळ पुत्रप्रेमाचा नव्हता. आपण ज्या दाराने आत आलो ते दार मुलांना बंद आहे, हे त्यांना दापोलीतच कळून चुकले होते. शाळेचे दार तेवढे उरले होते, आणि तेही अर्धवट उघडे.

दापोलीत त्यांचे मन रमले नाही. काही काळाने कुटुंब साताऱ्यास गेले. तेथे सरकारी बांधकाम खात्यात त्यांना भांडारपालाची नोकरी मिळाली आणि पेन्शनीला पगाराची जोड मिळाली. सातारची वर्षे मात्र दुःखाने सुरू झाली. १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा पाच वर्षांचा होता. पोरक्या झालेल्या घराचा भार रामजींची बहीण मीराबाई हिच्यावर पडला. पाठीला पोक असलेली ही आत्या स्वतः दुर्दैवी, पण मायेची. धाकट्या भाच्यावर तिने आईच्या जागी प्रेम केले. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने आपल्या आईचे दागिने अंगावर घालावेत हे धाकट्याला सहन झाले नाही आणि त्याने बापाशी अबोला धरला. आपण स्वतः कमवावे, मुंबईस जाऊन गिरणीत काम धरावे, या विचाराने त्याने आत्याची पैशाची पिशवी लांबवण्याचा उद्योग काही रात्री केला. पिशवी हाती लागली तेव्हा तिच्यात अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने गिरणीचा बेत मोडला आणि मुलगा पुस्तकाकडे वळला. रामजी हे कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यांचे घर सदैव शांत होते असे मात्र म्हणता यायचे नाही.

साताऱ्यात मुलगा शाळेत जाऊ लागला, पण कसा? बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यायचे. शिपाई नसेल तर तहानेलेच राहायचे. न्हावी मिळत नसे म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या जुन्या पटावर १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. मूळ गावावरून पडलेले आंबडवेकर हे आडनाव येथे आंबेडकर झाले.

याच सुमारास दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला होता. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात सरकारने दुष्काळपीडितांना काम देण्यासाठी तलाव खोदण्याचे काम काढले, आणि तेथे रामजी रोखपाल म्हणून गेले. हजारो मजुरांच्या मजुरीचा पैसा ज्याच्या हातून वाटायचा त्या जागेवर हिशेबाचा चोख माणूस लागतो. तो लष्करातून आलेला होता, हे सोयीचेच पडले. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावून घेतले. भीम, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या आणि नवे जोडे घालून मोठ्या आनंदाने आगगाडीत बसली. मसूर स्टेशनावर उतरली तेव्हा घ्यायला कोणी आलेले नव्हते. मुले चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तरने चौकशी केली. महार हा शब्द उच्चारला गेला आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. रात्र वाटेत गेली. जवळ भाकरी होती, पण पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशीच निजली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमारास ती वडिलांच्या दाराशी पोचली.

ही हकीकत आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत सविस्तर लिहिली आहे, आणि ती मुलांच्या बाजूने सर्वांनी वाचली आहे. बापाच्या बाजूने तिच्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. मुले येणार हे पत्र नोकराच्या हाती पडले आणि त्याने ते द्यायचे राहून गेले. एवढ्या नेटक्या माणसाच्या व्यवस्थेत एक चूक झाली, आणि त्या एका चुकीच्या फटीतून सारे जग आत घुसले. जन्मभर कमावलेली अब्रू, हुद्दा, सरकारी नोकरी यांची ढाल पोरांच्या अंगावर असेल असे त्यांना वाटले असावे. मसूरच्या फलाटावर ती ढाल पाच मिनिटेही टिकली नाही.

रामजींच्या स्वभावाची दुसरी बाजू धार्मिक होती. त्यांनी कबीरपंथाचा स्वीकार केला होता. जातिभेद न मानणारा हा पंथ उत्तरेत आणि मध्य हिंदुस्थानात पददलित समाजांत दूरवर पसरला. आजच्या छत्तीसगडात दामाखेडा येथे त्याच्या धर्मदासी शाखेची गादी आहे, आणि त्या मुलखात पंथाचे अनुयायी मोठ्या संख्येने आहेत. मांस आणि मद्य घरात वर्ज्य, पहाटे व सायंकाळी भजन, आणि भजनाला सर्व मुलांनी हजर राहायचे, हा सुभेदारांच्या घरचा हुकूम होता. मराठी संतकवींच्या रचना त्यांना अवगत होत्या. रामायण-महाभारताचे वाचन ते मुलांकडून करून घेत आणि ते ऐकायला शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बोलवीत. चाळीतली ती बैठक म्हणजे एक परीने पलटणीची शाळाच होती. फक्त पलटण बदलली होती.

परंतु मुलगा आता प्रश्न विचारू लागला होता. ज्या ग्रंथांत शूद्रांची हेटाळणी आहे ते आम्ही का वाचावेत, असे त्याने बापाला विचारले. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मनात न्यूनगंड शिरण्याची भीती आहे, तो या वाचनाने जाईल, असे रामजींचे उत्तर होते. द्रोण आणि कर्ण हे लहान स्थितीतून किती उंच चढले ते पाहा, असे ते सांगत. मुलाचे समाधान झाले नाही. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने हा वाद नमूद केला आहे. त्यात बापाविषयी जिव्हाळा आहे, आणि न पटलेल्या उत्तराविषयी स्पष्टपणाही आहे. हे वाद घरात होऊ शकत होते, ही गोष्टच लक्षणीय. लष्करी शिस्तीचा, रागीट म्हणून प्रसिद्ध असलेला हा बाप मुलाचा प्रश्न ऐकून घेत होता.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक प्रसंग आहे. मुलगा परीक्षा उतरला म्हणून समाजातल्या मंडळींनी त्याच्या अभिनंदनाची सभा घ्यायचे ठरवले. रामजींनी साफ नकार दिला. अशाने मुलगा शेफारतो, परीक्षा पास होण्यापलीकडे त्याने केले काय, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही, ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी मध्यस्थी केली तेव्हा सुभेदार वाकले. सभेत केळूसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या पुस्तकाने पुढे काय घडवले हे सांगण्याची गरज नाही. बापाचा नकार टिकला असता तर ते पुस्तक त्या दिवशी त्या हातात पडले नसते, एवढे खरे.

१९०४ साली कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीतच चूल, सरपण, जाते आणि साऱ्यांची अंथरुणे. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. या खोलीत अभ्यास कसा व्हावा? सुभेदारांनी पहारा बदलण्याची लष्करी रीत घरात आणली. मुलगा लवकर निजे आणि बाप जागा राही. रात्री दोनच्या सुमारास ते मुलाला उठवीत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत. पहाटेपर्यंत रॉकेलच्या दिव्यापाशी मुलगा वाचत बसे. त्या वयातल्या मुलाला इंग्रजी पक्के यावे म्हणून हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी स्वतः घोटून घेतली होती. लष्करी शाळेचा मुख्याध्यापक साठीच्या घरात शेवटचा विद्यार्थी शिकवीत होता.

पुस्तके मात्र पाठमालेवर थांबत नव्हती. मुलगा मागेल ते पुस्तक आणून द्यायचे, असा बापाचा बाणा. आणि पेन्शन तर महिन्यातून एकदाच यायचे. मग ते उपरणे खांद्यावर टाकून मुलीच्या सासरी जात. धाकटीकडे नाही जमले तर थोरलीकडे. लग्नात आपणच घातलेला एखादा दागिना मागून आणीत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत करीत. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रकार. डॉ. आंबेडकर ही आठवण मोठ्या भावनेने सांगत.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. बापाचा त्याग सर्वांना दिसतो, पण दागिने होते मंजुळा आणि तुळसा यांचे. सासरी नांदणाऱ्या मुलीने गळ्यातला दागिना काढून द्यायचा, आणि तो कुठे गेला या प्रश्नाला घरात उत्तर द्यायचे, हे काय असते ते त्यांनाच ठाऊक. दोन मुलांचे शिक्षण चालवणे अशक्य झाले तेव्हा आनंदरावांची शाळा सुटली आणि ते नोकरीस लागले. एकाच्या शिक्षणासाठी बाकीच्यांनी किंमत मोजली. सुभेदारांनी हा निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतला. शिधा थोडा असेल तेव्हा तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या अंमलदाराची कठोरता त्यात आहे. तो निर्णय अचूक ठरला म्हणून त्यातला अन्याय नाहीसा होत नाही, आणि त्या भावाबहिणींनी त्याबद्दल कुरकुर केल्याचेही कोठे आढळत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मुलाचे लग्न सुभेदारांनीच जुळवले. वधू दापोलीजवळच्या वणंद गावची, आईबापांविना वाढणारी रामी. लग्न लागले भायखळ्याच्या बाजाराच्या छपराखाली, रात्री, दुकाने बंद झाल्यावर. सकाळी कोळणी आपापल्या जागी येण्यापूर्वी वऱ्हाड उठले होते. पुढे कॉलेजच्या खर्चाला पेन्शन पुरेना तेव्हा केळूसकरांनी पुढाकार घेतला, आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या मदतीवर मुलगा बी. ए. झाला, आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीसाठी निघाला. रामजींना हे जाणे पसंत नव्हते. बडोद्यात महाराज भले असले तरी भोवतालचे लोक तेच आहेत, हे त्यांनी ओळखले होते. ते अनुभवाचे बोल होते आणि पुढे खरेही ठरले.

मुलगा बडोद्यास रुजू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. तो तसाच निघाला. सुरत स्टेशनावर वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. पुढची गाडी धरून मुंबईस पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अंथरुणावर पडलेल्या सुभेदारांची दृष्टी दाराकडे लागली होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. बोलणे उमटले नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या मागे इस्टेट अशी नव्हती. पेन्शन त्यांच्याबरोबर बंद झाले.

त्याच वर्षीच्या जुलैत मुलगा गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढच्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. माणसे कमी पडू लागली तेव्हा लढाऊ जातींचा सिद्धान्त बासनात गेला, आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली ती पुन्हा मोडण्यात आली. दापोलीच्या पेन्शनरांच्या अर्जाला कायमचे उत्तर मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर डॉ. आंबेडकरांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या शिपायांच्या टोपीवर जे पहिले चिन्ह आले त्यात कोरेगावचा स्तंभ होता. रामजी सुभेदारांना जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.